शाळेत गणवेश सक्तीचा असावा का?

जून महिन्यात शाळा उघडली की पहिले पंधरा दिवस पालकांचे जे प्रश्न आमच्याकडे येतात, त्यांत अभ्यासापेक्षा गणवेशाचे प्रश्न जास्त असतात. मागच्या वर्षीचा चालेल का? शर्ट आहे पण पँट आखूड झाली आहे, काय करू? गावाहून परवाच आलो, पगार दहा तारखेला, तोवर घरच्या कपड्यांत पाठवले तर बसू द्याल का? यातला शेवटचा प्रश्न विचारणारे आई-वडील दाराशीच उभे राहून विचारतात, आत येत नाहीत. काही पालकांचे म्हणणे असते की ही सक्ती काढूनच टाकावी. काही तितक्याच तळमळीने सांगतात की शिस्त ढिली होत चालली आहे, आणखी कडक व्हा. विश्वस्त मंडळींतही दोन्ही मतांचे लोक आहेत. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर मांडायचे आम्ही ठरवले.

आधी आपल्या परिस्थितीकडे पाहू. चलथाण, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात राहणारी आपली बहुतेक कुटुंबे खानदेशातून, म्हणजे धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली. ताप्ती लाइनची गाडी आपल्या स्टेशनावरून जाते ती थेट आपल्या गावांकडेच. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती. घरातली कर्ती माणसे लूम्सवर, डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये किंवा साखर कारखान्याच्या आसऱ्याने पोट भरतात, आणि कितीतरी आया घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचे, धागे कापण्याचे काम नगावर करतात. गंमत अशी की ज्या भागात कापड ताक्यांनी मोजले जाते, त्या भागात आपल्या मुलाच्या अंगावरच्या दोन मीटर कापडाची चिंता लागावी! पण सुरतेचे कापड मुख्यतः साडीचे आणि ड्रेस मटेरियलचे. शाळेच्या गणवेशांचे शर्ट-पँट शिवणारे मोठे केंद्र आपल्याच महाराष्ट्रात आहे, सोलापूर. तिथल्या कारखान्यांतले गणवेश देशभर जातात.

‘गणवेश’ हा शब्द मराठीत आहे तसाच गुजरातीतही आहे. गण म्हणजे समूह, त्या समूहाचा वेश. तेव्हा शेजारच्या गुजराती माध्यमाच्या मुलांशी या बाबतीत तरी आपला भाषेचा वाद नाही.

आता थोडा इतिहास. शाळेचा गणवेश ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. लंडनमध्ये १५५२ साली क्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची संस्था गरीब व अनाथ मुलांसाठी सुरू झाली, तिथल्या मुलांना लांब निळे कोट दिले जात. म्हणजे मुळात गणवेश ही गरिबांना दिलेली मदत होती, आणि तो अंगावर असला की हे मूल दानावर शिकते हे सगळ्या गावाला कळे. श्रीमंतांच्या शाळांनी आपापले कोट-टाय पुढे ठरवले आणि गणवेशाला प्रतिष्ठेचा अर्थ चिकटला. हे दोन्ही अर्थ आजही शिल्लक आहेत. सरकारी शाळेचा गणवेश आणि मोठ्या फीच्या शाळेचा गणवेश रस्त्याने शेजारून चालताना पाहिले की कोणालाही ते समजेल. आपल्या गावांकडच्या जिल्हा परिषद शाळांत पांढरा शर्ट आणि खाकी अर्धी चड्डी, मुलींना पांढरा आणि निळा, असा जो वेश वर्षानुवर्षे होता त्यामागे कारण साधे होते. हे कापड कोणत्याही बाजारच्या गावी, कोणत्याही दुकानात मिळे आणि गावचा शिंपी ते शिवून देई.

गणवेशाच्या बाजूने पहिला मुद्दा नेहमी समानतेचा मांडला जातो. सगळे एकसारखे दिसले की गरीब-श्रीमंत भेद राहत नाही. यात तथ्य आहे, पण आपण मानतो तितके नाही. मुलांची नजर फार तीक्ष्ण असते. शर्ट एकाच रंगाचा असला तरी बूट, दप्तर, पाण्याची बाटली, डब्यातली भाजी यांवरून दुसरीतले मूलही सगळे ओळखते. पांढऱ्या शर्टाचा पांढरेपणासुद्धा सारखा नसतो. एक वॉशिंग मशीनमधून निघालेला, दुसरा बोअरच्या पाण्यात धुऊन पिवळा पडलेला. भेद करायचाच असला तर तो कपड्याने थांबत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत जात तेव्हा त्यांना इतर मुलांबरोबर बसू देत नसत. बसण्यासाठी ते घरून गोणपाट नेत, आणि ते गोणपाट शाळेचा शिपाईसुद्धा उचलत नसे. त्यांच्या अंगावरचा पोशाख इतरांसारखाच असता तरी गुरुजींनी ते गोणपाट वर्गात इतरांच्या रांगेत येऊ दिले नसते. समानता ही आधी शिक्षकांच्या वागण्यात यावी लागते.

तरीही आम्ही गणवेशाच्या बाजूचेच आहोत. कारण उलट बाजूचा विचार करून पाहा. गणवेश नसेल तर रोज सकाळी ‘आज काय घालू’ हा प्रश्न ज्याच्याकडे दोनच चांगले जोड आहेत त्याला पडतो. ज्याच्याकडे दहा आहेत त्याला तो सणासारखा वाटतो. वाढदिवसाच्या दिवशी रंगीत कपडे घालायची मुभा आपल्या शाळेत आहे. त्या दिवशी काही मुले ‘आज माझा वाढदिवस नाहीच’ असे सांगतात, हे वर्गशिक्षकांना ठाऊक आहे. हे वर्षातून एकदा घडते तेच दोनशे दिवस घडावे असे आम्हाला वाटत नाही. शिवाय हमरस्ता आपल्या इतका जवळ आहे, सहलीला किंवा शाळा सुटताना कोणते मूल आपले आहे हे लांबून ओळखता येणे ही साधी सोय नव्हे.

शिस्तीचे काय? गणवेश आला की शिस्त येते, मार्क वाढतात, असे अनेक जण ठामपणे सांगतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लाँग बीच या शहराने १९९४ पासून आपल्या सार्वजनिक शाळांत आठवीपर्यंत गणवेश सक्तीचा केला. तिथे मारामाऱ्या कमी झाल्याचे सांगितले गेले, आणि १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी भाषणात गणवेशाचा पुरस्कारही केला. पण १९९८ मध्ये ब्रुन्स्मा आणि रॉकेमोर या दोन अभ्यासकांनी देशभरातील दहावीच्या मुलांची आकडेवारी तपासली, तेव्हा गणवेशामुळे वागणूक किंवा हजेरी सुधारते असे त्यांना आढळले नाही, अभ्यासातही फायदा दिसला नाही. तेव्हा शिस्तीसाठी गणवेश हा युक्तिवाद आम्ही तरी करणार नाही. शिस्तीसाठी शिक्षक वर्गात वेळेवर असणे जास्त उपयोगी पडते (हे आम्ही आमच्याबद्दलच लिहीत आहोत).

याहून आपल्या जवळचा दाखला आफ्रिकेतला आहे. केनियात प्राथमिक शाळेची फी माफ असली तरी गणवेश विकत घ्यावा लागे, आणि तो नसेल तर मुले शाळेत येत नसत. तिथे एका संस्थेने सोडत काढून काही मुलांना गणवेश मोफत दिले. इव्हान्स, क्रेमर आणि न्गातिया या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा गणवेश मिळालेल्या मुलांची गैरहजेरी सरासरी ४४ टक्क्यांनी कमी झाली होती, आणि ज्यांच्याकडे आधी गणवेशच नव्हता त्यांची ६२ टक्क्यांनी. पुढे आठ वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा ही मुले एकूण किती इयत्ता शिकली यात मात्र फरक उरला नव्हता. एका शर्टाने आयुष्य बदलत नाही हे खरे. परंतु नियम केलेला गणवेश घरात नसेल तर मूल घरी बसते, हे त्यातून स्पष्ट झाले. आमच्या मते सगळ्या वादातला महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. पावसाळ्यात आपल्याकडे ते डोळ्यांनी दिसते. जुलैमध्ये चार दिवस झड लागली आणि घरात एकच जोड असला की तो वाळत नाही. मूल आजारी नसते, तरी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘गै’ पडते.

गणवेश द्यायचाच तर कोणी आणि कसा द्यायचा, याचा मोठा धडा महाराष्ट्रात नुकताच मिळाला. आपल्यापैकी अनेकांचे भाचे-पुतणे तिकडच्या जिल्हा परिषद शाळांत आहेत, त्यांना हे प्रत्यक्ष माहीत असेल. समग्र शिक्षा योजनेत पहिली ते आठवीच्या सर्व मुलींना, आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलांना वर्षाला दोन गणवेश मिळतात. त्यासाठी मुलामागे ६०० रुपये, म्हणजे एका जोडाला ३०० रुपये धरले आहेत. उरलेल्या मुलांचा खर्च महाराष्ट्र सरकारने २०२३ पासून स्वतः करायचे ठरवले. ती चांगली गोष्ट झाली. ‘त्याला फुकट, मला नाही’ हे मुलांच्या तोंडी यायचे थांबले. तोपर्यंत गणवेश घेण्याचे काम शाळा व्यवस्थापन समित्या करत. समितीने गावात, तालुक्यात चौकशी करायची, रंग ठरवायचा, मापे घ्यायची.

त्यानंतर ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना आली. २०२४-२५ मध्ये सगळ्या राज्यातल्या सरकारी शाळांसाठी कापड एकाच ठिकाणाहून खरेदी झाले. आकाशी शर्ट, गडद निळी पँट किंवा स्कर्ट, आणि दुसरा जोड स्काऊट-गाईडचा. शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे सोपवले. हेतूत खोट काढण्यासारखे काही नव्हते. एकगठ्ठा खरेदीत कापड स्वस्त पडेल आणि गावोगावच्या बायांना काम मिळेल. पण ४० लाखांहून अधिक मुलांचे कपडे होते. कापड उशिरा पोहोचले. एका गणवेशाच्या शिलाईचा दर ११० रुपये इतका ठरला होता. आपल्या आया-बहिणी शिवणकाम करतात, त्यांना विचारून पाहा या दरात शर्ट आणि पँट कोण शिवून देईल. मापे सरसकट ठरवलेली, त्यामुळे कोणाला बाही लांब, कोणाला कंबर घट्ट. शाळा जूनमध्ये उघडल्या आणि १५ ऑगस्टचे झेंडावंदन अनेक ठिकाणी मुलांनी जुन्याच कपड्यांत केले. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले.

यात सरकारला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. सांगायचा मुद्दा असा की मुलाचे माप मुलाच्या जवळच्या माणसालाच घेता येते. तिसरीतला मुलगा जूनमध्ये जेवढा असतो तेवढा दिवाळीत राहत नाही. गावचा शिंपी हे ओळखून शिवणीत माया ठेवतो, पँटीच्या खालच्या दुमडीत दोन बोटे कापड आत सोडतो, की पुढच्या वर्षी उसवून लांब करता यावे. मुंबईत बसून काढलेल्या मापात ही माया कुठून येणार?

दुसरी बाजू खासगी शाळांची. तिथे गणवेश अमुकच दुकानातून, शाळेचे चिन्ह विणलेलाच घ्या, दर दोन-तीन वर्षांनी रंग बदला, असे प्रकार सर्रास चालतात. सी.बी.एस.ई. मंडळाने २०१७ मध्ये आपल्या शाळांना पत्रक काढून सांगितले की शाळेच्या आवारात पुस्तके-गणवेश विकण्याचा धंदा करू नका, ठरावीक दुकानाची सक्ती करू नका. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातही गणवेशाचा खर्च पालकांना जड होतो म्हणून २०२१ मध्ये कायदा करावा लागला. तिथे शाळांना सांगितले आहे की चिन्ह असलेले कपडे कमीत कमी ठेवा. चिन्ह वेगळ्या बिल्ल्यावर असले की शर्ट कुठूनही घेता येतो आणि मोठ्या भावाचा धाकट्याला होतो.

आपल्या गुजरातमधील एक घटनाही येथे नोंदवली पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये कडाक्याच्या थंडीत राजकोटच्या एका विद्यार्थिनीचा शाळेत मृत्यू झाला. शाळेच्या ठरलेल्या पातळ स्वेटरशिवाय दुसरे काही घालू देत नव्हते, अशी घरच्यांची तक्रार होती. मृत्यूच्या कारणाबद्दल वेगवेगळी मते आली. पण त्यानंतर राज्याच्या शिक्षण खात्याने शाळांना बजावले की थंडीत मुलांनी कोणतेही गरम कपडे घातले तरी अडवू नये, विशिष्ट स्वेटरची सक्ती करू नये. सुरतेकडे राजकोटसारखी थंडी पडत नाही, तरी सकाळच्या पाळीला येणाऱ्या लहान मुलांना डिसेंबरात हुडहुडी भरते. कोणत्याही रंगाचा स्वेटर, शाल, कानटोपी चालेल.

कायदा काय म्हणतो, हेही पालकांना माहीत असावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे सोळाव्या कलमात आहे. गणवेश नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करणे, प्रार्थनेत वेगळ्या रांगेत उभे करणे, हा मानसिक त्रास आहे असे आम्ही समजतो. गणवेश घेण्याची जबाबदारी मोठ्यांची, आणि शिक्षा आठ वर्षांच्या मुलाला, हे न्यायाचे नाही.

मुलींच्या गणवेशाचा प्रश्न वेगळा काढून लिहितो, कारण त्यावर बोलायला पालकसभेत कोणी उठत नाही. स्कर्ट किंवा फ्रॉक घालून खो-खो खेळताना, सायकल चालवताना मुली एक हात कपडा सावरण्यात घालवतात. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील वळयनचिरंगरा या गावच्या प्राथमिक शाळेने २०१८ च्या सुमारास मुलगा-मुलगी दोघांनाही शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी पाऊण पँट, असा एकच गणवेश ठरवला. मुली मैदानावर मोकळेपणाने पळू लागल्याचे तिथल्या शिक्षकांनी सांगितले. मोठ्या मुलींच्या पांढऱ्या सलवारीबद्दलही विचार व्हावा. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्याच्या धास्तीने मुली फळ्यापर्यंत जात नाहीत, कधी शाळेतच येत नाहीत. विंबल्डनसारख्या स्पर्धेने, जिथे पांढऱ्या वेशाचा नियम अतिशय कडक आहे, २०२३ पासून खेळाडू महिलांना गडद रंगाची आतली चड्डी घालायची परवानगी दिली. आपल्याला तर फक्त सलवारीचा रंग बदलायचा आहे.

धर्माच्या खुणांचा वादही गणवेशाला येऊन चिकटला आहे. कर्नाटकात हिजाबबंदीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरुद्ध पडली. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या अशाच नियमाला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये अंशतः स्थगिती दिली. एवढ्या मोठ्या न्यायाधीशांचे जिथे एकमत नाही तिथे आम्ही निकाल देणार नाही. आपल्या शाळेत गंध, टिकली, गंडा, ओढणी, डोक्यावरचा रुमाल यांवरून आजवर कोणाला अडवलेले नाही आणि ते तसेच राहावे, एवढेच आमचे मत.

तर आमचे म्हणणे असे. गणवेश असावा, आणि नियम रंगापुरता असावा. शर्टाचा एक रंग, पँट-सलवारीचा एक गडद रंग, दोन्ही कोणत्याही दुकानात मिळणारे. कापड सुती किंवा सुती-मिश्र घ्यावे. निव्वळ पॉलिएस्टर स्वस्त पडते आणि लवकर वाळते, पण एप्रिलच्या उन्हात घाम टिपत नाही. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला दुपारी त्याचा फार त्रास होतो. शाळेचा बिल्ला कार्यालयात मिळेल, तो घरीच टाचून घ्यावा. ठरलेला रंग निदान पाच वर्षे बदलू नये, आणि बदलायचाच झाला तर आधी पालकसभेत ठरवून पहिलीपासून चढत्या क्रमाने बदलावा, म्हणजे कोणाचाही चांगला कपडा फुकट जाणार नाही. बुटांचा नियम करूच नये. पावसाळ्यात तर चपलाच बऱ्या.

आणि मघाच्या पालकांना उत्तर: हो, घरच्या कपड्यांत पाठवा. दहा तारखेपर्यंत काय, महिनाभर चालेल. मुलाच्या हाती चिठ्ठीही देऊ नका, मोठ्यांनी मोठ्यांशी बोलावे.

विद्यार्थी मित्रांनो, दहावीचा निकाल लागला की आपला गणवेश धुऊन, बटणे लावून शाळेत आणून द्या. शिवणकामाच्या शिक्षिका तो उसवून, लहान करून देण्यास तयार आहेत. हे कपडे कोणाला दिले याची नोंद फक्त त्यांच्या वहीत राहील, वर्गात वाटप होणार नाही आणि फोटो तर मुळीच काढले जाणार नाहीत. दुसऱ्या जोडाची तरतूद शाळेने करावी, निदान पावसाळ्यापुरती, असा अर्ज आम्ही विश्वस्त मंडळाकडे दिला आहे. सातवीच्या मुलींनी गडद सलवारीसाठी स्वतंत्र अर्ज लिहिला आहे. अक्षर आमच्यापेक्षा चांगले आहे. दोन्ही अर्ज पुढच्या बैठकीत वाचले जातील.